पायाला लागलेली वाळू

१

उन्हाळ्याच्या सुटीत स्मारकाची खोली झाडायचं काम ओयकडे असायचं. खरं तर ते आत्याचं काम. जिल्हा कचेरीने तिलाच ठेवलं होतं आणि किल्ल्यांचा जुडगाही तिच्याच कमरेला असायचा. पण आत्याचे गुडघे धरले होते, आणि ओयला माणसांपेक्षा झाडूची सोबत बरी वाटायची. ऊन चढायच्या आत ती सायकलवरून यायची, पायरीखाली चपला काढायची, कुलूप उघडायची आणि मागच्या भिंतीपासून दाराकडे झाडत यायची.

खोली बांबूची होती. दुसऱ्या महायुद्धात इथे रेल्वे बांधायला आणलेल्या कैद्यांची छावणी होती, तेव्हा अशाच लांबट झोपड्या होत्या म्हणे. म्हणून स्मारकही तसंच बांधलेलं. पायांखाली गुळगुळीत फळ्या आणि दोन्ही भिंतींवर फोटो. फोटोंत बरगड्या मोजता येतील असे गोरे सैनिक, खांद्यावर लाकडाचे ओंडके. बाहेर हिरवळीवर काळ्या दगडात त्यांची नावं कोरलेली होती. दूरदेशाहून त्यांची नातवंडं येत, एखाद्या नावावरून बोट फिरवत आणि रडत. अशा वेळी कुठे बघावं हे ओयला कळायचं नाही. मग ती त्यांचे बूट उगाच सरळ रांगेत लावत बसायची.

त्या सकाळी तिने दार उघडलं, तेव्हा फळ्यांवर वाळू होती.

वाळू रोजच असायची. नदी जवळ, रस्ता कच्चा, आणि येणाऱ्याच्या पायाला काही ना काही लागायचंच. पण ती वाळू इकडेतिकडे सांडलेली असायची. ही पावलांच्या आकाराची होती. ओल्या पायांना वाळू लागावी आणि कोरड्या फळीवर ती तशीच उमटावी, तशी टाच, चवडा, पाच बोटं. पावलं दारातून आत गेली होती. सगळ्या फोटोंसमोरून जात शेवटच्या कोपऱ्यात, जिथे भिंत मोकळी होती, तिथे दोन्ही शेजारी शेजारी थांबली होती.

परत येणारी पावलं नव्हती.

आत्या येऊन गेली असेल, असं ओयच्या मनात आलं. पण आत्याचं पाऊल रुंद, आणि ती डावा पाय ओढत चालायची. ही पावलं लहान, चपळ बाईची होती. कदाचित कुणी आपल्याच पावलांवर पाय ठेवत उलट्या पावली बाहेर आलं असेल. ओयने तसं करून पाहिलं. दोनतीन पावलांतच तिचा तोल गेला, आणि कुणी पाहिलं तर काय म्हणेल या विचाराने तिचे कान तापले.

मग ती खाली वाकली. डाव्या पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी एक बारीक आडवी रेघ होती, बोटाला दोरा बांधला असावा तशी. उजव्या पावलाला ती नव्हती.

तिने सगळं झाडून काढलं. झाडताना तिच्या बोटातली चांदीची अंगठी झाडूच्या काडीत अडकली. ती तशी नेहमीच अडकायची. अंगठी मागून उघडी होती, तिची टोकं जुळलेली नव्हती.

२

अंगठी बाबांच्या चाळणीतून आलेली होती.

गावच्या बुद्धाच्या देवळाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, बाबांची जमीन होती. आजोबांच्या वेळी तिथे ऊस होता. ओयचं नावही त्यावरूनच. ओय म्हणजे त्यांच्या बोलीत ऊस. मग लोकांना पुराच्या भीतीने अंगणं उंच करायची होती, घरांच्या खाली भर घालायची होती, आणि उसापेक्षा उसाखालची वाळू जास्त चालली. बाबा खड्ड्यातून वाळू उपसत, तिरप्या लावलेल्या मोठ्या चाळणीवर फेकत, खाली बारीक वाळू पडे आणि जाळीवर खडे राहत.

थंडीत एकदा ओय त्यांचा डबा घेऊन गेली होती. ती जवळ पोहोचायच्या आत बाबांनी जाळीवर गोणपाट टाकलं. पण घाईत ते नीट पडलं नाही. जे दिसलं ते ओय मनातल्या मनातही नीट म्हणत नसे. पांढरं होतं, लहान होतं, आणि एका तुकड्याला दात होते. ही अंगठी मात्र जाळीखाली घरंगळून आली होती. तिने ती उचलली. बाबांनी पाहिलं.

"ठेव तुला," ते म्हणाले. "पण दाखवत फिरू नकोस."

तिने ठेवली. सुंदर होती. तिच्यावर काहीतरी फुलासारखं कोरलेलं होतं.

स्मारकात पावलं दिसली त्या दिवशी दुपारी घरी जेवताना भातात खर्रकन दाताखाली वाळू आली. आत्याने ताटलीत घास काढून ठेवला.

"आत्या, घरात हल्ली फार वाळू येते."

"वाळूचा धंदा करणाऱ्याच्या घरात वाळू नाही तर काय साखर येणार? पाय धुऊन वर येत जा. मडकं भरून ठेवते ते काय शोभेला?"

घर खांबांवर उभं होतं. जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचं मोठं मडकं आणि त्यावर नारळाच्या करवंटीचा डवला. आलेल्याने पाय धुवायचे, मग वर यायचं.

"मी धुते. तरी येते."

"मग देवळातून आणत असशील. चार दिवसांवर नवं वर्ष आलंय, तेव्हा ओंजळभर जास्त ने म्हणजे झालं." आत्याने माशाचा काटा काढून तिच्या भातावर मासा ठेवला. "तुझी आई शहरात शिवणयंत्रावर बसलीय, ती तरी पाठवते का बघू नव्या वर्षाला पोरीसाठी काही."

देवळात जाऊन परतताना तिथली वाळू पायाला लागून बाहेर येते. कुणी मुद्दाम आणत नाही, पण देवाघरचं ते आपल्याकडे आलेलंच असतं. म्हणून था साय गावात नव्या वर्षाला सगळे देवळात वाळू नेऊन टाकत, तिचे स्तूप रचत. पायांनी नेलेलं हातांनी परत. ओयला हा सण लहानपणापासून आवडायचा. वर्षभराचं सगळं एका दुपारी फिटतं, असं तिला वाटायचं.

जेवून ती चटईवर पडली. बाहेर कुणाच्या तरी उसाचं पाचट जळत होतं, काळी राख खिडकीतून आत तरंगत येत होती. डोळा लागता लागता तिला बाजूच्या फळीवर आवाज आला. टिक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टिक. पाल असेल, ती म्हणाली. पण पाल छपराला असते. हा आवाज खालून, फळीच्या पातळीवरून, तिच्या डोक्याशी आला आणि पायांकडे गेला. एक पाऊल वाजणारं, एक न वाजणारं.

तिने डोळे उघडले नाहीत.

३

सणाच्या आदल्या दिवशी स्मारकापाशी भाड्याची गाडी थांबली. गाडीतून एक बाई उतरल्या. सावळ्या, पन्नाशीच्या, निळी सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा. हातात कापडी पिशवी. अशी माणसं इथे क्वचितच यायची.

ओयला इंग्रजी बेताचंच येत होतं, बाईंनाही ते समजून आलं. त्या सावकाश, सुटं सुटं बोलल्या. नाव पुष्पवल्ली, मलेशियाहून आले म्हणाल्या, आणि पायरीखाली चपला काढून आत आल्या.

त्या एकेक फोटो बघत गेल्या. ओय मागे मागे होती.

"हे सगळे सैनिक," बाई म्हणाल्या.

"हो."

"आमचे लोक कुठे आहेत?"

ओयला कळलं नाही.

"रबराच्या मळ्यावरचे मजूर. तमिळ. माझ्या आजोबांना आणि आजीला इथे आणलं, रेल्वे बांधायला. शिधा मिळेल, पगार मिळेल म्हणून सांगितलं. आजीच्या कडेवर तान्हं होतं, ते सोडवेना, म्हणून घेऊन गेली. माझी आई चार वर्षांची होती. तिला शेजारणीकडे ठेवलं. काम संपलं की येतो म्हणाले."

शेवटच्या कोपऱ्यात, मोकळ्या भिंतीच्या कडेला, एका पाटीवर तळाशी एक ओळ होती. यांच्याखेरीज आशियाई मजूरही मोठ्या संख्येने मृत्यू पावले. ओयने बोट दाखवलं. बाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग पाटीच्या मागे काही आहे का, अशा नजरेने भिंतीकडे पाहिलं.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

ओय खाली बघू लागली. तेव्हा तिला बाईंची पावलं दिसली. त्या जिथे उभ्या होत्या तिथेच त्या सकाळी ती दोन पावलं येऊन थांबली होती. बाईंच्या दोन्ही पायांत, दुसऱ्या बोटात, चांदीचं वळं होतं. मागून उघडं. वर फूल कोरलेलं.

"हे बघतेस होय?" बाई हसल्या. त्यांनी पायाची बोटं जरा वर उचलली. "जोडवी. आमच्यात लग्न झालं की घालतात, दोन्ही पायांत. मेलं तरच काढतात. आजी चालली की घरातल्या फळ्यांवर टिकटिक वाजायचं. आईला तिच्या आईचं तेवढंच आठवायचं. चेहरा नाही, आवाज तेवढा."

ओयने उजवा हात पाठीमागे नेला. अंगठ्याने ती ते वळं बोटावरून उतरवू लागली. ते सहज निघालं.

"बाळा, गावात कुणी सांगतं का, आमच्या लोकांना कुठे पुरलं? एखादं शेत, नदीचा काठ? मला काही खणायचं नाही. फुलं ठेवायची आहेत."

इंग्रजीतला सगळ्यात सोपा शब्द ओयच्या तोंडून गेला.

"नाही."

"घरी मोठ्यांना विचारशील? मी परवा परतताना पुन्हा येईन."

ओयने मान हलवली. बाईंनी तिच्या गालाला हात लावला. हाताला मोगऱ्याचा वास होता. गाडी गेल्यावर ओयने मागे वळून पाहिलं. फळ्यांवर बाईंच्या पावलांची पुसट धूळ होती. आणि त्या धुळीच्या अगदी शेजारून, कुणी सोबत चालावं तशी, वाळूची पावलं होती. डाव्याला रेघ, उजव्याला नाही.

ही दारापर्यंत परत आली होती.

४

बाबा घरामागे ट्रक धूत होते. दुसऱ्या दिवशी देवळाला द्यायची वाळू भरायची होती, म्हणून ट्रक स्वच्छ हवा.

"बाबा, स्मारकात एक बाई आल्या होत्या."

"गोरी?"

"नाही. मलेशियाच्या. तमिळ."

बाबांनी चाकावर पाण्याची नळी धरली ती तिथेच राहिली.

"काय म्हणत होती?"

"त्यांची माणसं कुठे पुरलीत ते विचारत होत्या."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

"शहाणी आहेस."

चापट बसली असती तर इतकी लागली नसती. ओयने खिशातलं वळं मुठीत धरलं.

"पण बाबा, खड्ड्यात तर..."

"खड्ड्यात बैलांची हाडं असतात. पुरात वाहून येतात."

"बैल जोडवी घालतात का?"

असं उलट बोलणं तिने जन्मात केलं नव्हतं. बाबांनी नळी खाली टाकली. ते ओरडतील असं तिला वाटलं, पण ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि हलक्या आवाजात बोलू लागले.

"माझ्या वडिलांना ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी तर डोळ्यांनी पाहिलेलं. पटकीची साथ आली आणि दिवसभर माणसं आणून टाकत होते म्हणे. या गावात कुणाला ठाऊक नाही, सांग बघू. तुझ्या शाळेचं मैदान ह्याच वाळूने भरलंय. आपल्या घराखाली हीच आहे. आता मी एकट्याने जाऊन सांगू? कचेरीवाले दोरी बांधतील, खड्डा बंद होईल, ते एक वेळ सोडून दे. पण गावातला एकेक जण येईल आणि म्हणेल, थवॉन, आमच्या अंगणात काय आणून टाकलंस ते उचलून ने."

नळीतलं पाणी त्यांच्या पायांपाशी साचत होतं.

"उद्या पूर्ण ट्रक देतोय देवळाला. धुतलेली, सगळ्यात चांगली. पुण्य त्यांच्या नावे सोडीन मनात. अजून काय करू, तूच सांग."

ते खरंच विचारत होते. तिला फक्त एवढंच दिसलं की बाबा तिच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, आणि तीही त्यांच्या डोळ्यांकडे बघत नाही.

५

सणाच्या दुपारी देवळाच्या पटांगणात बाबांच्या वाळूचा मोठा ढीग ओतला होता. लोक बादल्यांनी वाळू नेत, पाणी शिंपडून थापत, टोकदार स्तूप रचत. त्यांवर रंगीत कागदी झेंडे, फुलं, उदबत्त्या. मुलं एकमेकांच्या तोंडाला पांढरी माती फासत होती. आत्यानेही ओयच्या दोन्ही गालांना ती लावली.

"जरा हस. नव्या वर्षाला असं तोंड केलं तर वर्षभर तसंच राहतं."

मोठ्या भन्तेंनी कर्ण्यावरून बाबांचं नाव घेतलं. एवढं दान या वर्षी दुसऱ्या कुणाचं नाही म्हणाले. लोकांनी हात जोडले. बाबा खाली बघत राहिले. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती. बघणाऱ्यांना ती नम्रता वाटली.

ओयने कडेला, पिंपळाच्या मुळाशी, एक छोटा स्तूप रचला. स्तूपाच्या पोटात नाणं पुरायची रीत होती. नाण्याच्या जागी तिने ते वळं पुरलं, वरून वाळू थापली, निळा झेंडा रोवला. हात जोडून डोळे मिटले.

दिलं परत, ती मनात म्हणाली. ज्याचं त्याला पोचलं. आता मला काही विचारू नका.

त्या दिवशी ती घरी आली ती हलकी होऊन. भातात वाळू आली नाही. फळीवर काही वाजलं नाही. आपण किती सोप्या गोष्टीला घाबरत होतो, याचं तिला हसू आलं.

६

सकाळी ती आत्याबरोबर देवळात भन्तेंसाठी भात घेऊन गेली. पटांगणाच्या दारात आत्या थांबली. पुढे गेलेली माणसंही थांबलेली होती.

एकही स्तूप उभा नव्हता. पण वाळू विस्कटलेली नव्हती. ती लांबट, बुटक्या ढिगाऱ्यांत नीट रचलेली होती, एकाशेजारी एक, पटांगणाच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. प्रत्येक ढिगारा माणसाच्या लांबीचा होता. प्रत्येकाच्या एका टोकाशी, सगळ्यांच्या त्याच टोकाशी, कागदी झेंडा होता.

ओयचे डोळे आपोआप पिंपळाकडे गेले. तिचा निळा झेंडा तिथेच होता. त्याच्या खालच्या ढिगाऱ्याला चिकटून दुसरा एक होता, हातभर लांबीचा. त्याच्यावर झेंडा नव्हता. दुसरा झेंडा तिने रोवलाच नव्हता.

"कुत्री," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"तर काय. भटकी कुत्री फार झालीत."

"रात्रभर वारंही होतं."

एवढ्यात बाबांनी फावडं आणलं. त्यांनी पहिल्या ढिगाऱ्यावर फावडं टेकवलं आणि क्षणभर तसेच उभे राहिले. मग वाळू वर ओढून तिला टोक काढू लागले. दुसरा पुढे झाला, तिसरा झाला. बायका बादल्या घेऊन आल्या. सगळं गाव खाली मान घालून थापत होतं, आणि कुणाचा हात कुणाला लागला तर दोघंही चटका बसल्यासारखे मागे सरत होते. त्या सकाळी ओयला पहिल्यांदा कळलं की बाबा खोटं बोलले नव्हते. कुणीही काय आहे म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

स्तूप जवळजवळ झाले होते तेव्हा पुष्पवल्लीबाई पटांगणात आल्या. स्मारकाला कुलूप दिसलं म्हणून इकडे आले, म्हणाल्या. चपला त्यांनी दाराशीच काढल्या होत्या.

"विचारलंस का बाळा घरी?"

सगळे हात थांबले. ओयचं इंग्रजी गावाला माहीत होतं. आता जे काही बोललं जाईल ते तिच्याच तोंडून जाणार होतं.

"काय म्हणते ती?" आत्याने विचारलं.

ओयने सांगितलं. त्यांचे लोक कुठे पुरलेत, फुलं ठेवायचीत.

कुणी घसा खाकरला. मागून एक म्हातारा म्हणाला, "सांग तिला, आमच्या गावात मरतो तो फक्त ऊस." त्याच्या विनोदावर कुणी हसलं नाही, आणि तो स्वतःच पायांकडे बघू लागला. मोठे भन्ते मंडपात बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ओयने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या ओठांची हालचाल झाली, आवाज फुटला नाही. पण त्या घडीला त्यांनी हो म्हटलं असतं की नाही, हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. तिने वाट बघितली नाही.

"नाही," ती बाईंना म्हणाली. "कुणालाच माहीत नाही म्हणतात."

पुष्पवल्लीबाईंनी सगळ्या चेहऱ्यांकडे एकदा बघितलं. रागाने नाही. आपण ज्यांच्या दारात उभे आहोत त्यांची ओळख पटवून घ्यावी तसं.

"ही वाळू इथलीच ना? तुमच्या नदीची?"

"हो."

"मग इथेच ठेवते."

त्या पिंपळाशी गेल्या. इतक्या स्तूपांतून निळ्या झेंड्याचाच त्यांनी का निवडला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या खाली बसल्या, केसांतला गजरा काढून वाळूवर ठेवला, कापराची वडी पेटवली, आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या, लहान मुलाला निजवताना बोलावं तसं. कापूर जळून संपेपर्यंत गाव उभं होतं. कुणाला बसवेना, कुणाला जाववेना.

बाई उठल्या. त्यांनी हात जोडले. आत्याने रीतीप्रमाणे जेवून जा म्हणून म्हटलं, ओयने ते सांगितलं. गाडीवाला थांबलाय, पुन्हा कधीतरी, म्हणाल्या.

त्या गेल्यावर ओयने झाडू घेतला. ओल्या वाळूवर त्यांची पावलं दाराकडे गेली होती, दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी रेघ उमटवत. दुसरी पावलंही होती. ती पिंपळापाशी सुरू झाली होती. त्यांच्याही आता दोन्ही पायांना रेघ होती. ती पुष्पवल्लीबाईंच्या सोबतीने थोडी गेली होती, मग थांबून वळली होती. गाडीच्या दिशेने नाही. नदीच्या बाजूच्या फाटकाकडे, जिथून गावातली वाट ओयच्या घराला जाते.

ओयने दोन्ही झाडून टाकली.

७

दिवेलागणीला तिघं जेवायला बसली. आत्याने कोवळ्या बांबूची आमटी केली होती, सणातली अंडी उरली होती. पंखा घरघरत होता. कुणी देवळाचं नाव काढलं नाही. बाबा भात चिवडत होते.

खाली मडक्यात डवला बुडाल्याचा आवाज आला. मग पायांवर पाणी ओतल्याचा.

बाबांचा चमचा थांबला.

"कोण आलं?" आत्या म्हणाली.

पुन्हा डवला बुडाला, पुन्हा पाणी पडलं. घाई नव्हती. परक्याच्या घरी जाताना माणूस जसे निगुतीने पाय धुतो, टाचा घासतो, तसे कुणीतरी पाय धूत होतं.

"ती सकाळचीच बाई असेल," आत्याचा चेहरा उजळला. "गाडी चुकली असेल बिचारीची. तरी मी म्हटलं होतं जेवून जा." आणि ओयच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिने दाराकडे तोंड करून, जन्मभर जिन्याशी आलेल्या प्रत्येकाला म्हटलं होतं तसं, मोठ्याने म्हटलं, "या, वर या. सगळे जेवायला या."

खालचं पाणी थांबलं.

जिन्याच्या पहिल्या फळीवर टिक झालं. दुसऱ्या फळीवरही झालं. आता एकही पाऊल मुकं नव्हतं.

त्याच्या मागून दुसरं पाऊल आलं, न वाजणारं, जड, पुरुषाचं. त्याच्या मागून आणखी. जिना करकरला. पावलं चढत राहिली आणि खाली पुन्हा डवला बुडाला.

आत्या दाराशी गेली होती. पदर सारखा करावा तसा तिने खांद्यावरचा पंचा सारखा केला, बाहेर बघितलं, आणि हळूच बाजूला झाली. तिने हात जोडले.

ओयने मान वर केली नाही. सकाळी पटांगणात जी मान खाली गेली होती ती तिला वर उचलताच येईना. चटईच्या कडेशी तिला दोन पाय दिसले. लहान, सावळे, नुकते धुतलेले, दुसऱ्या बोटांत चांदी. धुतले होते तरी वाळू गेली नव्हती. बोटांच्या बेचक्यांतून ती झिरपत होती आणि फळीवर बारीक आवाज करत पडत होती.

पाय थांबले. वाट बघत होते. तिला काय विचारलं जाणार आहे, ते ओयला ठाऊक होतं. या वेळी ते आपल्याच बोलीत सांगता आलं असतं. बाबाही शेजारीच होते. तिने तोंड उघडलं, आणि जिभेवर वाळू आली.

मग तिला जे येत होतं ते तिने केलं. आपली ताटली उचलून मांडीवर घेतली आणि भिंतीकडे सरकली. बाबाही सरकले. चटईवर जागा झाली, एका माणसाची, फार तर दोघांची.

खाली अजून पाय धुण्याचा आवाज येतच होता.